माझी टाच आणि ह्यांची पाठ

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरला आणि विचारलं, "बाई, ह्यांच्या पाठीवर कुणी काही केलंय का? दाबलंय, पिळलंय, पाय दिलाय?"

पाय मीच दिला होता.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड असा आवळला की डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई जी," त्याच बोलल्या, "कोन कशाला काय करतंय? पाय हळूहळूच गेलं त्याचं."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. "पॉट्स स्पाइन आहे," ते म्हणाले. म्हणजे मणक्याचा क्षय. मला वाटायचं क्षय छातीलाच होतो. पण हा हाड आतून खातो, कीड लाकडाला खाते तसा. ह्यांचे दोन मणके पोखरले होते. पाय परत येतील का विचारलं तर म्हणाले, "आत्ता काही सांगता येत नाही."

आता मी कोण ते सांगते. मी पायाळू. आईच्या पोटातून पायांकडून आले. आमच्याकडे समजूत अशी, की पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण जाते. काळेवाडीत आमच्या दारी माणसं यायची. चाकणच्या कांदाबाजारातल्या हमालांना तर बैलगाडीत घालून आणायचे. नुसता पाय लावून माझं भागेना. टाच मणक्याशी रोवायची, वजन टाकायचं आणि खांदा धरून पीळ द्यायचा. कट्ट आवाज आला की माणूस उठून बसायचा. लोक वाहवा करायचे आणि मी फुगायची, खोटं कशाला बोलू? साधी लचक चार दिवसांत आपोआपही बरी होते, हे तेव्हा कोण सांगणार?

हे पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला होते. तीन महिने पाठ दुखत होती. संध्याकाळी अंग कसकसायचं, सदरा ढगळ व्हायला लागला होता, पायांना मुंग्या येत होत्या. सगळं माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी म्हणत होते, "ओझी उचलता, दुसरं काय!" नवऱ्याला पाय कसा लावायचा म्हणून तेवढी थांबले होते. शेवटी आत्याबाईच चिडल्या. "गावाची दुखनी घालवतीस, माझ्या लेकानं काय घोडं मारलंय तुझं? पाप लागलं तर माझ्या डोसक्यावर."

मी आधी ह्यांच्या पाया पडले, मग ओसरीवर पालथं झोपवलं आणि टाच रोवली. आवाज आला, पण नेहमीचा नव्हे. ओली फांदी मोडावी तसा. मी घाबरून खाली बसले आणि त्यांचे तळवे चोळायला लागले. तर हे म्हणतात, "अगं, बघत काय बसलीस? पाय चोळ की."

मी चोळतच होते.

पुण्याच्या इस्पितळात आणलं तेव्हापासून मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. आत्याबाई रोज डोळे वटारायच्या. "पोलिसात देतील तुला. मग त्याचं कोन करनार?" आणि आजचं उद्यावर जायचं. लाज वाटते सांगायला, पण भीती ह्यांच्या पायांइतकीच माझ्या अब्रूचीही होती.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ह्यांना सिस्टर आणि दोन वॉर्डबॉय कुशीवर वळवायचे. चौथ्या दिवशी वळवताना हे कळवळले आणि म्हणाले, "हाताच्या बोटांना धक्का बसल्यागत झालं." वॉर्डबॉयनी पुन्हा खांद्याला हात घातला, तशी आता ह्यांचे हातही जातील म्हणून माझा धीर सुटला.

"थांबा! हलवू नका! मी पाय दिलाय त्यांच्या पाठीवर, मीच! पाय त्याच घटकेला गेले!"

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. आत्याबाई पदरात तोंड घालून खालीच बसल्या. डॉक्टर धावत आले ते तापलेलेच. "चार दिवस काय केलंत? मणका नुसता किडलेला नाही, मोडलाय तो. असं वळवलं की उरलंसुरलंही जाईल." त्याच दुपारी मानेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टरचा साचा करून ह्यांना त्यात ठेवलं. स्ट्रेप्टोमायसिनची, म्हणजे क्षयाच्या नव्या औषधाची, इंजेक्शनं सुरू झाली.

राग उतरल्यावर डॉक्टरांनी मला बसवून सांगितलं. "अमेरिकेत याला कायरोप्रॅक्टिक म्हणतात, म्हणजे हातांनी मणके हलवणं. त्याचं शिक्षण असतं. पण हाड किडलेलं असेल तर शिकलेल्या हातानंही ते हलवू नये. आधी तपासायचं, मग हात लावायचा."

ह्यांनी मात्र संध्याकाळी एवढंच म्हटलं, "बरं केलंस सांगितलंस."

सिस्टरनं मला एक काम दिलं. रोज त्यांच्या तळव्याला हात टेकवायचा आणि म्हणायचं, "ढकला." ते दात आवळायचे, कपाळ घामानं भिजायचं, आणि माझ्या हाताला काहीच कळायचं नाही. असा दीड महिना गेला. एकदा अंगठा हलला. मला वाटलं माझाच हात थरथरतोय.

"अगं, ढकलतोय की मी!"

मी भोकाड पसरलं. सिस्टर रागावायला आली आणि स्वतःच डोळे पुसत उभी राहिली. देव तिचं भलं करो.

घरी यायला वर्ष लागलं. हे काठीनं चालतात. पाठीला कुबड राहिलं. ते कुणाला दिसू नये म्हणून उन्हाळ्यातही अंगातला कोट काढत नाहीत.

माणसं अजून येतात. मी ओसरीच्या पायरीवरच विचारते: ताप येतो का? वजन घटलंय का? पायांत मुंग्या, बधिरपणा? लघवी अडते का? यातल्या एकाला जरी हो म्हटलं, तर पाठीला कुणालाही हात लावू देऊ नका, थेट इस्पितळ गाठा. वाचणाऱ्यांनाही माझं हेच हात जोडून सांगणं.

परवा चाकणचा एक हमाल आला. "ताप येतोय, पन तुमी पाय लावा," म्हणत ओसरीवर पालथाच पडला. "न्हाई म्हनली ना ती!" आत्याबाई ओरडल्या. तो काही हलेना.

तेव्हा हे उठले. काठी भिंतीला टेकवली, कोट काढला, सदरा काढला आणि त्याच्याकडे पाठ केली.

"लाव हात, भावा. ही पाठ हिच्याच टाचेखाली मोडली. आणि हिनं चारचौघांत खरं सांगितलं म्हणून मी उभा आहे. ऊठ आता."

तो हमाल उठला. ह्यांनी सदरा घातला, कोट खुंटीवरच राहू दिला, आणि काठी टेकत त्याला पुण्याच्या इस्पितळात धाडायला स्टेशनपर्यंत घेऊन निघाले.