जनकाबाईनं बुजवलेली खिडकी

वरवट बकालमध्ये जनकाबाईइतकी लांबची नजर कोणाची नाही. कापूस वेचता वेचता ती मान वर करते आणि फाट्यावर एसटीतून कोण उतरलं ते नावानिशी सांगते. बाकीच्या बाया पैज लावतात आणि हरतात. पन्नाशी उलटली तरी उत्तरेकडच्या सातपुड्यावरचं एकेक झाड आपल्याला दिसतं, असंही ती म्हणते. झाडांचं मी खरं धरत नाही, पण एसटीचं मी स्वतः पाहिलेलं आहे.

अशा बाईच्या एकुलत्या एका लेकीचे डोळे अधू निघावेत, याचा मला अजून राग येतो. त्यातला बराचसा राग माझ्यावरच आहे. प्रेरणाला सातवीपर्यंत मीच शिकवलं.

नवरा, गुलाबराव, गेला तेव्हा प्रेरणा चार वर्षांची होती. जनकाबाईनं त्याच वर्षी ठरवून टाकलं की आपलं आयुष्य वावरात गेलं ते गेलं, पोरगी वावराचं तोंडही पाहणार नाही. सोबतच्या मजूर बाया लेकरांना धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, खेळायला सोडत. ही मात्र पोरीला शेजारणीच्या भरवशावर घरात ठेवून कामाला जायची. शाळा सुटली की थेट घर. त्या घराला खिडकी एकच, तीही बुद्धविहाराच्या पटांगणाकडे उघडणारी. तिथं पोरंपोरी लंगडी खेळत, आणि त्यांच्या कालव्यानं पोरीचं चित्त उडतं म्हणून जनकाबाईनं एका रविवारी विटा रचून, वरून माती लिंपून ती खिडकीच बुजवली. मग भरदुपारीही एका पिवळ्या बल्बखाली अभ्यास चाले.

पोरगी पुस्तक दिवसेंदिवस जवळ धरू लागली. जनकाबाईला त्याचं कोण कौतुक. मला रस्त्यात गाठून सांगायची, "गुरुजी, पुस्तक नाकाले लागते तिच्या. इतकं ध्यान हाये अभ्यासात."

मी काय केलं? सगळ्या वर्गापुढं तिचा दाखला दिला. हुशार म्हणून तिला कायम पहिल्या बाकावर बसवलं, जिथून फळा हाताच्या अंतरावर. डोळे तपासणारं पथक आलं तेव्हा ती रांगेत शेवटची होती. पुढच्या पोरांनी वाचलेली अक्षरं ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती, ती तिनं धडाधड म्हणून दाखवली. तिला वाटलं, ही पाठांतराचीच परीक्षा आहे. मी तिची पाठ थोपटली. माझ्याइतका शहाणा मास्तर पंचक्रोशीत सापडायचा नाही.

आठवीत असताना ती आईबरोबर शेगावला गेली. स्टेशनवर मालगाडी उभी होती आणि इंजिनाच्या खिडकीत एक बाई बसली होती. प्रेरणा घरी आली ती इंजिन चालवायचं असं ठरवूनच. तेव्हापासून मायलेकींना दुसरा विषय नव्हता. पोरीनं आयटीआय केलं, मागच्या वर्षी रेल्वेच्या परीक्षा पास केल्या. जनकाबाईनं गावभर साखर वाटली.

मग डोळ्यांची तपासणी आली. चष्म्याशिवाय लांबची अक्षरं वाचायची होती. वरच्या ओळी जमल्या, खालचं सगळं पुसट. त्या नोकरीला चष्मा चालत नाही, डोळ्यांचं ऑपरेशन केलेलंही चालत नाही. प्रेरणा तिथंच बाद झाली. आईची नजर जगावेगळी, बाकी सगळ्यांना लांबचं जग असं पुसटच दिसतं, असं तिला तोवर वाटत होतं.

दोघींना मी डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. मुलगी लहानपणी बाहेर, उजेडात किती खेळायची, असं त्यांनी विचारलं. जनकाबाई ताठ बसून म्हणाली, "एक दिवस नाही, मॅडम. मी तिले सावलीतच वाढवलं."

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं की वाढत्या वयात डोळ्याला दिवसाचा मोकळा उजेड लागतो, लांब पाहणं लागतं. सदा घरात बसून जवळचंच पाहत राहिलं तर डोळा लांबट वाढण्याचा धोका असतो आणि मग दूरचं अंधुक होतं. हे रक्तातूनही येतं, तेव्हा हिच्या बाबतीत नेमकं कशानं झालं हे छातीठोकपणे सांगता यायचं नाही. पण लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही.

रक्ताचं जनकाबाईनं कानावरच घेतलं नाही. परतताना एसटीत ती एवढंच बोलली, "वावरातल्या बायांचे लेकरं उन्हात होते, गुरुजी. माह्या पोरीले म्याच कोंडलं."

पहिल्या बाकावर तिला मी बसवलं, हे तेव्हा माझ्या ओठांवर आलं होतं. मी बोललो नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी तिनं लोखंडी सब्बल घेऊन ती खिडकी फोडली. आता प्रेरणा चष्मा लावून दुसऱ्या कुठल्या परीक्षेचा अभ्यास करते आणि संध्याकाळी मायलेकी धुऱ्यावर जातात. तिथं जनकाबाई तिचा चष्मा काढून घेते आणि उत्तरेकडे पाहायला लावते. उजेडात बसून नजर परत येईल, असं तिच्या मनानं घेतलं आहे. येणार नाही, हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं. ती रोज विचारते, डोंगर दिसतो का, आणि लेक रोज म्हणते, कालच्यापेक्षा बरा दिसतो.

परवा मीही त्यांच्यासोबत होतो. दुपारपासून वावटळी सुटल्या होत्या आणि उत्तरेला नुसती धूळ भरली होती. सातपुडा मला चष्म्यातूनही दिसत नव्हता, कोणालाच दिसला नसता. जनकाबाईनं सवयीनं लेकीचा चष्मा काढून घेतला आणि विचारलं, "आज?"

प्रेरणानं डोळे बारीक केले. "आज तं साफ दिसून राह्यला, मा. झाडंही दिसतात."

जनकाबाई त्या धुळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हाव. मलेही दिसतात."

लेकीनं चष्म्यासाठी हात पुढं केला, तर तिनं तो पदरात गुंडाळून धरला. गावातली घरं लागून उत्तरेकडची धूळ आड होईपर्यंत तिनं तो परत दिला नाही.