उत्तर येईपर्यंत थांबणारा

या जगात माझा घात कुणी अत्यंत आदरानं केला असेल, तर तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं. शिवाजी पेठेत राहतो, पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचं काम घरी बसून करतो, आणि तयार वस्तू विकत घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. दाराची बेल त्यानं स्वतः बनवली, म्हणून पावणं खालूनच हाका मारतात. टाकी भरली की ओरडणारं यंत्र बनवलं, ते टाकी रिकामी असतानाच ओरडतं आणि शेजारचे लोक धावत जाऊन आपापल्या पाण्याच्या मोटारी बंद करतात. त्यात कुणाला तोडून बोलायचं नाही हा त्याचा नेम. फोन आधी ठेवणं म्हणजे उद्धटपणा. गडहिंग्लजची त्याची आत्याही त्याच वळणाची, त्यामुळं 'बरं', 'बरं तर मग', 'बरं हाय' सगळं म्हणून झाल्यावरही त्याला फोन कानाला लावून पाव तास गप्प बसलेला मी पाहिला आहे.

माझी नजर चालली होती. दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पेठेतल्या फुटबॉलवर पुस्तक लिहायचं होतं आणि त्याची टिपणं माझ्या जुन्या वह्यांत होती. माझं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही, तेव्हा डोळे आहेत तोवर उरकायला हवं होतं. हे त्याला कळलं आणि माझे ग्रह फिरले. उरलेली नजर वह्यांना ठेवतो, पडद्यावरचं वाचून दाखवणारे प्रोग्राम तयार मिळतात म्हणालो, तर त्याचं म्हणणं, ते एकतर्फी असतात, वाचतात आणि मोकळे होतात. त्यानं माझ्यासाठी नवा एडिटर, म्हणजे मजकूर टाइप करायचा प्रोग्राम, लिहायला घेतला. मी टाइप करतो तो मुख्य प्रोग्राम म्हणजे बाप, आणि त्यानं सुरू केलेला, ओळ मोठ्यानं वाचणारा दुसरा म्हणजे पोरगं. बापानं ओळ द्यायची, पोरानं वाचायची आणि कुठवर आलो ते उलट कळवायचं, म्हणजे मला न दिसताही कर्सर नेमक्या शब्दावर जाईल. कल्पना झकास होती, हे मी आजही मान्य करतो.

श्रावणात एडिटर आला. पहिली ओळ खणखणीत वाचली आणि जो गप्प बसला तो बसलाच. 'वाचलं' असा पोराचा निरोप आल्याशिवाय बाप पुढं बोलेना, आणि बापाचं बोलणं संपल्याचा निरोप आल्याशिवाय पोरगं तोंड उघडेना. या गृहस्थानं घरचं वळण प्रोग्रामला लावलं होतं! क्रम बदलला की दुसरीकडं अडायचं. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, तरी म्हटलं, अरे बाबा, पाच आकडे मोज, उत्तर आलं नाही तर पुढं जा म्हणावं त्याला. त्याचा चेहरा पडला.

"सर, शाळेत मी अडखळत बोलायचो. समदी हसायची. तुमी तेवढं माझं उत्तर येईस्तवर थांबत हुतासा. आणि आता मी मुदत घालू?"

कपाळ माझं! खरं तर तेव्हा मी टेबलावर वह्या तपासत असायचो. ते त्याला सांगायचा धीर मला आजवर झालेला नाही.

गणपती गेले, दसरा गेला. तो रोज संध्याकाळी यायचा, दोन ओळी चालवून दाखवायचा, तिसरीला डोकं धरून बसायचा. त्याचं मन मोडू नये म्हणून मीही त्याच्याच एडिटरवर अडून राहिलो, हा माझा गाढवपणा. इकडं वहीतल्या ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या. दिवाळीत फराळाच्या ताटातली करंजी मी हातानं चाचपून ओळखली, तेव्हा तो समोरच होता. त्यानं कीबोर्ड ओढला. अर्ध्या तासानं म्हणाला, "घातली मुदत, सर. तीन सेकंद." आवाज रडवेला होता. मला त्याची दया आली आणि संतापही आला, कारण हेच श्रावणात केलं असतं तर माझं पुस्तक झालं असतं.

आता एडिटर छान चालतो. वह्या कपाटात आहेत, त्या आता कुणीच वाचणार नाही. आठवेल तेवढं टाइप करतो. ओळ वाचून झाली की पोरगं माझ्या त्या विद्यार्थ्याच्याच आवाजात विचारतं, "पुढं काय, सर?" परवा मी मुद्दाम काहीच टाइप केलं नाही. तीन सेकंद गेले, मग तास गेला, मग अख्खी दुपार गेली. संध्याकाळी एक बटण दाबलं, तर तोच प्रश्न तितक्याच अदबीनं पुन्हा आला. बापाला मुदत आहे, पोराला मुदत आहे. मला मात्र त्यानं घातलेली नाही.