पंचवीस चौकोनांची हाफ पँट

वेल्डिंगच्या कामात त्याची वीस वर्षं गेली होती. शर्टाला ठिणग्यांनी भोकं पडलेली, पँट गुडघ्यावर करपलेली, आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही. कपडा म्हणजे अंग झाकायचं साधन, एवढंच. परांचीची फळी सरकून तो दोन मजले खाली आला आणि डाव्या मांडीच्या हाडाचा चुरा झाला. तेव्हा अंग झाकणं ही किती अवघड गोष्ट असते ते त्याला कळलं.

तीन ऑपरेशनं झाली, हाड जुळेना. शेवटी डॉक्टरांनी मांडीभोवती बाहेरून पोलादी कड्या बसवल्या आणि त्यांतून सळया थेट हाडात घातल्या. पाय असा झाला की त्यावरून कुठलीच पँट चढेना. लुंगी तेवढी चालायची.

दवाखान्याच्या तळमजल्यावर व्यायामाचा हॉल होता. बाया, पुरुष, म्हातारे, पोरी, सगळे एकाच हॉलमध्ये दांड्या धरून चालायचे. चौथ्या दिवशी त्याच्या लुंगीचं टोक सळईत अडकलं. त्याने पाय टाकला आणि लुंगी सुटून खाली पडली. दोन्ही हातांनी दांड्या धरलेल्या, त्यामुळे झाकून घ्यायलाही हात नव्हता. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी धावत येऊन चादर गुंडाळली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं तो पुढे बायकोला म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने जायचं बंद केलं.

बायको सकाळी औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, ती संध्याकाळी यायची. दिवसभर तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मालिश नाही, चालणं नाही. मांडीचं मांस झडत गेलं. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की पायावर भार पडला नाही तर हाड धरणार नाही, आणि असंच राहिलं तर पुढे पाय ठेवण्यात अर्थ उरणार नाही. तिने ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, “मग कापू दे. एकदाचं सुटेन.”

तिने शिंप्याकडून पायजमा उसवून आणला. त्याची जाड शिवण सळईच्या तोंडाशी घासली, जखम चिघळली, ताप आला. तिनेही मग हात टेकले.

तेव्हा त्याची मोठी बहीण आली. ती शाळेत हस्तकला शिकवून निवृत्त झालेली. भावाचा पाय तिने बराच वेळ नुसता पाहिला आणि मग म्हणाली, याला क्रोशाचंच काहीतरी लागेल. विणकाम ताणलं जातं, टोचत नाही, आणि चौकोन जोडून केलं तर डावी बाजू कमरेपासून खालपर्यंत उघडी ठेवता येईल. डाव्या पायात घालायचीच नाही. अंगाभोवती घ्यायची आणि बाजूला बंद बांधायचे.

“मग कर की,” तो म्हणाला.

तिने आपले हात त्याच्यापुढे धरले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेले. “चहाचा कप धरता येत नाही मला. तुलाच करावं लागेल.”

तो भिंतीकडे वळला. पण ताई काही उठली नाही. तिने सुती दोऱ्याचे गुंडे आणि क्रोशाची सुई पिशवीतून काढून त्याच्या छातीवर ठेवली आणि शिकवायला सुरुवात केली, जणू समोर तिसरीचा वर्ग आहे. चार साखळी टाक्यांचं गोल कडं. त्यात तीन-तीन खांबांचे, म्हणजे उभ्या टाक्यांचे, चार गट, मध्ये दोन साखळ्या. त्या साखळ्यांचे कोपरे होतात. पुढच्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात पुन्हा तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. बस्स, हेच वाढवत जायचं.

लोखंडाला लोखंड चिकटवणारा हात, त्यात ती काडीएवढी सुई. पहिल्या दिवशी त्याला साखळीसुद्धा जमली नाही. तिसऱ्या दिवशी एक चौकोन झाला, पण कोपऱ्यातल्या साखळ्या विसरल्यामुळे त्याची वाटी झाली. ताईने ती उसवायला लावली. पाचव्या दिवशी पुन्हा तेच. त्याने सुई भिरकावली, ती कपाटाखाली गेली. दार बंद, ताई तिच्या घरी गेलेली, घरात कोणी नाही, आणि उठून सुई काढता येत नाही. चार तास तो कपाटाकडे बघत पडला होता. बायको आली तेव्हा तो रडत होता. पाय मोडल्यापासून पहिल्यांदाच. तिने झाडूने सुई बाहेर ओढली, पुसली, त्याच्या हातात दिली आणि भाकऱ्यांचं पीठ मळायला गेली.

माप ताईनेच काढलं. चौकोन साडेपाच इंचाचा. कमरेभोवती आठ, असे दोन थर, आणि खाली दोन्ही पायांना चार-चार. एकूण चोवीस. कळ आली की त्याचा हात आवळायचा, त्यामुळे काही चौकोन लहान झाले. गोळी लागू पडली की हात सैल, मग चौकोन मोठे. ते एकावर एक ठेवले की त्याचा अख्खा महिना त्यात दिसायचा. ताई म्हणाली, नऊ उसवायचे. त्याने उसवले. या खेपेला त्याने सुई भिरकावली नाही, नऊ पुन्हा घातले.

दीड महिन्याने पँट तयार झाली. बायकोने ती उजव्या पायातून चढवून त्याच्याखालून सरकवली, डाव्या बाजूचे सहा बंद कड्यांच्या वर-खाली बांधले. काही टोचलं नाही. तिने त्याला धरून उभं केलं. मग तो बसायला गेला, आणि आसनापाशी, दोन मांड्यांच्या मध्ये, पँट अशी काचली की मागचा पट्टा ओढला जाऊन निम्म्यावर खाली आला.

“असंच जाऊ का सगळ्यांसमोर?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. बायको घाबरली. तिने तिथूनच ताईला फोन लावला.

ताई पलीकडून म्हणाली, चूक माझीच. आसनाला जागा सोडायची ती विसरली होती. दोन पायांच्या मध्ये एक चौकोन तिरका बसवायचा, मागे कमरेला मुक्या खांबांच्या, म्हणजे आखूड टाक्यांच्या, चार ओळी वाढवायच्या, नाडी ओवायची. पंचविसावा चौकोन त्याने एका दुपारी केला. शिवणीला दोन दिवस लागले.

तो हॉलमध्ये गेला. बाईंनी पँटकडे पाहिलं, मान डोलावली आणि दांड्या दाखवल्या. त्या दिवशी त्याने सहा पावलं टाकली. परत येताना रिक्षात त्याने कपाळ बायकोच्या खांद्यावर टेकवलं. पाय सणसणत होता. उद्या मी येणार नाही, असं तो म्हणत होता. दुसऱ्या दिवशी तिने त्याला ओढतच नेलं. तिसऱ्या दिवशीही.

हॉलमध्ये तशाच कड्या घातलेली एक मुलगी होती, बारा-तेरा वर्षांची. तिच्या आईने बाकावर त्याच्याशेजारी बसून विचारलं, हे मला शिकवाल का? त्याला शिकवणं येत नव्हतं. तरी त्याने चार दुपारी तिला साखळी, खांब, कोपरे दाखवले. तिचा हात त्याच्यापेक्षा बरा होता. पोरीसाठी चौकोन लहान, रंग तिनेच निवडलेले. मग दोन आठवडे त्या दोघी आल्याच नाहीत.

एका दुपारी आई एकटी आली. पिशवीत बारा चौकोन होते, एकसारखे, स्वच्छ. ती बाकावर बसली आणि खाली बघत म्हणाली, “पाय काढला हो. शुक्रवारी.” मग पिशवी चाचपत विचारलं, “आता एका पायाचे चौकोन कमी लागतील ना? ती म्हणते आई, पूर्ण कर.”

हॉलमध्ये कोणाची तरी कुबडी टकटक वाजत होती. त्याच्या मनात आलं की कमी लागतील म्हणून सांगावं आणि उठून निघून जावं. पण उठायलाच त्याला पाच मिनिटं लागायची.

“कमी करू नका,” तो म्हणाला. “ठरले तेवढेच करा. त्या बाजूला खालून बंद करू. मी दाखवतो.”

त्याने सुई घेतली. दोरा दोनदा सुटला. तिने गुंडा धरून ठेवला. दोघांनी मिळून तेरावा चौकोन घातला. घरी येऊन त्या संध्याकाळी तो जेवला नाही. बायकोला एवढंच म्हणाला, उद्या लवकर निघू.

त्याच्या कड्या अकरा महिन्यांनी निघाल्या. हाड धरलं, पण वाकडं. पाय दीड इंच आखूड झाला, गुडघा वळत नाही. परांचीवर तो पुन्हा चढला नाही. वर्कशॉपच्या भांडारात स्टुलावर बसून तो आता हत्यारं देतो-घेतो. डावा पाय समोर खोक्यावर ताठ ठेवलेला असतो. रोज कोणीतरी त्या पायाला अडखळतं आणि माफी मागतं. मुलगी आणि तिची आई पुन्हा भेटल्या नाहीत. ती पँट पूर्ण झाली का, हे त्याला माहीत नाही.