शिसारीकाकूंचे केस

"शी, शिसारी येते." आमच्या शेजारच्या काकू दिवसातून वीस वेळा तरी हे म्हणत, म्हणून आम्ही मुलं त्यांना पाठीमागे शिसारीकाकू म्हणायचो. मांडवीच्या बंदराकडून सुकत घातलेल्या मासळीचा वास आळीत शिरला की बाकीच्या बायका नाकाला पदर लावायच्या. काकू खुशाल तांदूळ निवडत बसायच्या. "मासळीचा वास वारा फिरला की जातो. माणसांचा जात नाही," असं त्यांचं म्हणणं. हसता हसता चुगली करणाऱ्याची त्यांना शिसारी यायची, तोंडदेखल्या गोडव्याची तर फारच.

आणि जेवणातल्या केसाची. सकाळी विंचरून, खोपा घट्ट बांधून, गळलेले केस बोटाला गुंडाळून परसात पुरल्याशिवाय त्या चुलीपाशी जात नसत.

मी नऊ वर्षांची असताना पौषात आळीत साथीचा ताप आला. घरोघर माणसं आडवी झाली आणि उठलीही. काकूही उठल्या, पण शिमग्याच्या सुमाराला त्यांचे केस झुबक्यांनी गळायला लागले. बघता बघता टाळू उघडी पडली. डॉक्टर म्हणाले, "तापानं गेलेत. दिवाळीपर्यंत येतील." काकांना ते पटलं. काका कचेरीत कारकून, अबोल माणूस. काकूंच्या हातचं जेवून रोजच्यासारखे कामाला जात राहिले. आळीला मात्र पटलं नाही. आमच्यात डोक्यावर केस नसलेली बाई म्हणजे नवरा गेलेली, न्हाव्याने वस्तरा फिरवलेली बाई.

एका दुपारी काकूंनी मला वरणभात वाढला आणि त्यात केस निघाला. मी तिथेच ओकले, घरी पळाले आणि आईला सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते आळीभर झालं. त्यानंतर त्यांच्याकडे कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. माझी ओकारी काकूंनीच पुसली असणार.

मग त्या डोक्यावरून पदर घ्यायला लागल्या. तसा पदर आळीत फक्त विधवा बायका घेत. एकदा माझे वडील पालीला जायला निघाले, तर समोर काकू. वडील उलटे फिरले, ओटीवर टेकले, घोटभर पाणी प्यायले आणि मग पुन्हा निघाले. अपशकुन झाला की तशी रीत होती. काकू दगडी गडग्यापलीकडून सगळं बघत होत्या.

"कपाळावर एवढं थोरलं कुंकू आहे, ते नाही दिसलं. पदर तेवढा दिसला," त्या म्हणाल्या. पदर खांद्यावर टाकून तशाच उघड्या डोक्याने विहिरीवर गेल्या. पुन्हा त्यांनी डोकं झाकलं नाही.

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. आईने आळीभर बोलावणं केलं आणि काकूंना वगळलं. तरी त्या आल्या आणि ओळीत बसल्या. कुंकू लावत आई त्यांच्यापाशी आली आणि तिचा हात थांबला. काकूंनी तिच्या हातातला करंडा घेतला आणि स्वतःचं कुंकू स्वतः लावलं. "माझं कुंकू नवऱ्याचं आहे, केसांचं नव्हे," त्या म्हणाल्या. आंब्याची डाळ पुढे आली तेव्हा मात्र त्यांनी हात मागे घेतला. "तुमच्या हातचं नको. शिसारी येते."

दिवाळीपर्यंत केस खरंच आले. आधी मुलग्यासारखे आखूड, मग दोन-तीन वर्षांत पुन्हा खोपा. त्याच बायका येऊन कौतुक करून गेल्या. आईने केसांना लावायला माक्याचं तेल पाठवलं, ते काकूंनी दिव्यात घातलं. मला अजून आमच्या घराची किळस येते ती या तेलामुळे.

मी सोळा वर्षांची असताना काका गेले. दहाव्या दिवशी वडिलांनीच न्हाव्याला बोलावून काकूंच्या मागल्या पडवीत बसवलं. काकू केस मोकळे सोडून बाहेर आल्या. न्हाव्यापुढे त्यांनी तांदूळ आणि नारळ ठेवला आणि त्याला जायला सांगितलं.

"वहिनी, लोक तुमच्या हातचं पाणी घेणार नाहीत," वडील म्हणाले.

"तेव्हा तरी कुठे घेत होते, भावोजी? माझा नवरा माझ्यासमोर जेवत होता आणि तुम्ही मला विधवा ठरवलंत. एकदा केस गेले होते, तेव्हा तुमची सगळ्यांची तोंडं बघून ठेवली आहेत मी. पुन्हा नाही बघायची."

केस राहिले. आळी पुन्हा त्यांच्यापासून तुटली, आणि या वेळी दिवाळीची मुदतही नव्हती.

चार महिन्यांनी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. घरी सांगितलं नव्हतं. काकूंनी केळीचं पान मांडलं आणि वरणभात वाढला. भातात एक लांब केस होता. आता तो मुळाकडे पांढरा झाला होता. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी केस काढून पानाबाहेर ठेवला आणि भात संपवला.

"आणखी वाढू, गो?" त्यांनी विचारलं.

मी पान पुढे सरकवलं.