एकही कंप्लेंट न लावलेलं वर्ष

आमच्या सेक्टरमध्ये, म्हणजे स्टील प्लांटच्या कॉलनीत, नळ गळाला की लावा कंप्लेंट. फ्यूज उडाला, लावा कंप्लेंट. क्वार्टर प्लांटचं, दुरुस्तीची माणसंही प्लांटची. आपण फक्त दार उघडायचं आणि चहा विचारायचा. आम्ही सगळे याच लाडात वाढलो. म्हणून समोरच्या पद्मजा वैरागडेनं जे केलं, त्याला आम्ही सरळ वेडेपणा म्हणालो.

तिचा नवरा चिंतामणी प्लांटमध्ये क्लार्क. रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं आणि मग क्वार्टर सोडणं आलंच. मुलगा सुमेध पुण्याला. त्याचं म्हणणं, माझ्या सोसायटीत राहायला या, तिथं सगळं सोसायटी बघते. चिंतामणीला ते पटलंही होतं. पद्मजाला मात्र स्वतःचं, जमिनीवरचं घर हवं होतं. शेजारच्या दुर्ग शहरात, पद्मनाभपूरमध्ये, मारोतराव नावाच्या रिटायर्ड मास्तरांचं घर तिनं हेरून ठेवलं होतं. तेही वर्षभरानं मुलीकडे रायपूरला जाणार होते.

दोघं घर बघायला गेली. बाथरूमचा नळ टपटपत होता. चिंतामणीनं अगदी मनापासून विचारलं, “याची कंप्लेंट इथं कुठं लावता जी?”

मारोतराव पोट धरून हसले. “भाऊ, घर घ्यायले निघाले अन् नळासाठी ऑफिस शोधून राहिले? तुमा क्वार्टरवाल्यांच्यानं घर सांभाळणं होत नाही. पोराकडे जा, सुखी राहा.”

संध्याकाळी पद्मजा माझ्याकडे आली ती लालबुंद होऊन. “माह्या नवऱ्यावर हासला तो,” म्हणाली. नवरा मागे उभा होता, त्याला विशेष काही वाटलेलं दिसत नव्हतं. तिनं माझ्यासमोरच त्याला बजावलं, “घराच्या आधी तुम्ही तयार व्हा. क्वार्टर सुटेपर्यंत आपण एकबी कंप्लेंट लावायची नाही. लावली, त मी गुमान पुण्याले येईन. नाही लावली, त तेच घर घ्यायचं.”

चिंतामणी लगेच कबूल झाला. आठवड्यात बाई शरण येईल, असा त्याचा हिशोब. सुमेध तर फोनवर खूषच झाला.

पहिला बळी स्वयंपाकघरातला नळ. चिंतामणीनं बाजारातून पाना आणला, वॉशर आणला आणि थेट नळ उघडला. पाणी छताला. मी त्यांच्या दारातल्या ओट्यावरून ओरडले, “अहो, मेन कॉक बंद करा!” आतून आवाज आला, “तो कुठं असते?” सारी नोकरी त्या क्वार्टरमध्ये काढलेला माणूस! मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग लक्षात आलं, आमचा कॉक कुठं आहे हे मला तरी कुठं ठाऊक होतं.

सेक्टरला आयतीच करमणूक मिळाली. “वैरागडे, आता ब्लास्ट फर्नेसबी तुम्हीच पाहा,” असं लोक येता-जाता म्हणत. भर मे महिन्यात दुपारी त्यांचा फ्यूज गेला, तेव्हा मला राहवेना. माझ्या फोनवरून कंप्लेंट लावते म्हटलं, तर पद्मजा घामानं निथळत दारात आली. “तुह्या घरची लाव. माह्या दारात कोनी आलं त पाहा!” राग आला मला. पण पंखा त्यांनीच चालू केला.

क्वार्टर सोडायला महिना राहिला आणि मागची नाली तुंबली. अंगणभर घाण पाणी, उभं राहवेना. चिंतामणी खाली बसला. “बस झालं. हारलो म्हणू. पुण्याले काय वाईट आहे?”

पद्मजानं पदर खोचला आणि बांबूची कामटी घेऊन नालीत घातली. चिंतामणीनं उठून तिच्या हातातून कामटी घेतली.

तेवढ्यात मेंटेनन्सची दोन माणसं दारात. “नाली चोक है न? कंप्लेंट आई है.”

कोणी लावली? नंबर सुमेधचा निघाला. सकाळी आईनं फोनवर नालीचं सांगितलं होतं, त्यानं पुण्यात बसून ऑनलाइन कंप्लेंट लावून टाकली. पद्मजाचा चेहरा पांढराफटक पडला. चिंतामणीला आता फक्त बाजूला व्हायचं होतं. नालीही सुटली असती आणि घराचा हट्टही. कोपरापर्यंत चिखल माखलेला तो माणूस दारात आडवा उभा राहिला. “हमने नहीं बुलाया, भैया. चाय पीके जाओ. नाली हम खोलेंगे.”

आणि उघडली त्यानं. मला रडू आलं, नालीवर रडणारी मी पहिलीच असेन.

सुमेधचा फोन आला. “आई, कंप्लेंट तो लग गई ना? शर्त हारली तू.”

“कंप्लेंट तू लावली, त पुण्यात तूच राहा,” पद्मजा म्हणाली. “आमाले न्यायले येऊ नको. सुट्टी काढ अन् आमचं घर पाहायले ये.”

रविवारी घराच्या बयान्याचे पैसे द्यायला मलाही नेलं. मारोतराव जरा ओशाळलेच. “बाथरूमचा नळ अजून गळते. प्लंबर बोलावून ठेवतो.”

“हात लावू नका त्याले,” चिंतामणी म्हणाला. पद्मजानं पर्समधून पाना काढून त्याच्या हातात दिला.

“मेन कॉक कुठं आहे,” त्यानं मारोतरावांना विचारलं, “तेवढं दाखवा.”