टिपणीसकाका आणि दारातली जागा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहिलं ते सामानाच्या याद्या आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकावरची सही एवढंच. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण टिपणीसकाकांना ज्यांनी कधी पाहिलं नाही अशा कोणाच्या हाती हे पडलंच, तर त्यांना काका नीट दिसावेत, म्हणून सावकाश लिहिते आहे.

काका टीव्हीसमोर उभे राहायचे. त्यांची आठवण आली की आधी मला तेच दिसतं. इथे परदेशात, सेरंगूनला, आमची आणि त्यांची दारं समोरासमोर. माझा मुलगा जुरोंग आयलंडला नोकरीला, सूनही दिवसभर ऑफिसात, म्हणून मी नातीला सांभाळायला आले होते. येऊन थोडेच दिवस झाले असतील. एका रविवारी सकाळी समोरच्या घरातून मोठा ओरडा ऐकू आला. कोणाला काही झालं की काय म्हणून मी दार उघडलं, तर त्यांचंही दार सताड उघडं. आत एक उंच, वाळलेले गृहस्थ, अंगात लाल टी-शर्ट, डोक्यावर विटलेली लाल टोपी, टीव्हीसमोर ताठ उभे. मागे सोफ्यावर चार-पाच माणसं, तीही लाल कपड्यांत, गप्प. मला वाटलं राष्ट्रगीत चालू आहे. आपण तसंच वळून जाणं बरं दिसणार नाही, म्हणून मीही दारात दोन्ही हात सरळ करून उभी राहिले.

तेवढ्यात सगळे उड्या मारायला लागले. हरत आलेला सामना त्यांचा संघ जिंकला होता. काकांनी वळून पाहिलं तर दारात मी, शाळेतल्या मुलीसारखी सावधान.

"आपण कधीपासून उभ्या आहात?" त्यांनी विचारलं. मग ते मित्रांकडे वळून म्हणाले, "या आल्या आणि जिंकलो. आता यांना इथून हलवायचं नाही."

तेव्हापासून ती माझी जागा झाली. सामना शेवटच्या भागात आला की काका आमची बेल वाजवायचे आणि म्हणायचे, "मालनताई, वेळ झाली." मी पोह्यांचं पातेलं घेऊन जायची, ते टेबलावर ठेवायची आणि दारात उभी राहायची. बसा बसा म्हणून सगळे आग्रह करायचे, पण मला उभंच बरं वाटायचं. बसलं की बोलावं लागतं. दारात उभ्या असलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही.

काका बँकेतून निवृत्त झालेले. काकू आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या आणि मुलगी कॅनडात होती. तरुणपणी ते अमेरिकेत मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या एका विद्यापीठात शिकले होते, आणि लाल शर्टांचा हा संघ त्या विद्यापीठाच्या पोरांचा. खेळाचं नाव फुटबॉल, पण तो पायाने फारसा खेळत नाहीत. लांबट चेंडू छातीशी धरून पळतात आणि समोरचे त्यांना पाडतात. मला काही कळत नाही असं मी एकदा म्हणाले, तर काका म्हणाले, "चार संधी मिळतात आणि तेवढ्यात दहा यार्ड पुढे जायचं. चौथीपर्यंत शिकलात ना, मग चारपर्यंत मोजता येतंच. एवढ्यावर हा खेळ कळतो." आणि खरंच कळायला लागला.

आपला संघ चढाई करत असला की ते आरामात बसायचे. समोरच्यांची चढाई आली की उठून उभे राहायचे. गुडघे दुखायचे, तरी उभे. "आपली पोरं अडवायला उभी आहेत, मी बसून कसा बघू?" असं म्हणायचे. दुसरं त्यांचं नेहमीचं बोलणं म्हणजे "अजून वेळ आहे." सामन्यात घड्याळ संपत आलं तरी हेच, डोळ्यासमोरून बस निघून गेली तरी हेच. माझी नात गणितात नापास झाली तेव्हा घरात सगळे तिच्यावर चिडले होते. काकांनी तिला जवळ बसवून सांगितलं, "अजून वेळ आहे." ती त्यांना म्हणाली, "No time lah, Uncle, exam over already." यावर ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

त्यांच्या मित्रांत खानोलकर सगळ्यांत जुने. त्याच विद्यापीठात, पण काकांच्या मागाहून शिकलेले, बँकेतच काम केलेले, आता जवळच्या एका कॉन्डोत राहणारे. आवाज मोठा आणि मन साफ. दुसरा निखिल, पुण्याचा, आयटीतला, आमच्या मुलाच्या वयाचा. बाकी दोघं-तिघं येऊन-जाऊन असायचे. दर रविवारी सामन्याइतकाच वेळ त्यांचं भांडण चालायचं, आणि ते भांडण असायचं संघाच्या प्रशिक्षकावरून. त्याला सगळे 'म्हातारा' म्हणायचे.

तिकडचे नियम बदलले होते. खेळाडूंना आता पैसे मिळायचे आणि मनात आलं की एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाता यायचं. बाकीचे संघ दुसऱ्यांची तयार पोरं पैसे टाकून आणत होते. म्हातारा आणत नव्हता. जी पोरं पहिल्या वर्षापासून त्याच्याकडे सराव करत थांबली होती, त्यांनाच तो चौथ्या वर्षी उतरवायचा. संघ हरू लागला होता.

एका रविवारी निखिल म्हणाला, "काका, तुमचा म्हातारा म्हणजे अजून चेकबुक घेऊन रांगेत उभा राहणारा माणूस आहे."

"चेक वटतो ना? मग झालं तर," काका म्हणाले.

"वटत नाहीये, टिपणीस," खानोलकर म्हणाले. "दर आठवड्याला परत येतोय."

सगळे हसले, काकाही हसले. पण मग त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "बँकेत मी आयुष्यभर माणसं बघितली. पहिल्या वर्षी चमकतो त्याला सगळे उचलून धरतात. चौथ्या वर्षी तयार होणाऱ्याला तोवर कोणी थांबूच देत नाही. हा एक माणूस थांबू देतो. तोही काढला, तर आपला संघ आणि दुसऱ्याचा संघ यात फरक काय राहिला? शर्टाचा रंग?"

"जिंकणं," खानोलकर म्हणाले. "फरक जिंकण्याचा आहे. पोरांनाही जिंकायचं असतं रे. चार वर्षं थांबून शेवटी हरायला कोणाला आवडेल?"

मला दोघांचंही खरं वाटायचं. मी दारात उभी राहून कधी याचं, कधी त्याचं ऐकायची.

मोसम संपला की बऱ्या खेळलेल्या संघांना दूरच्या एखाद्या शहरात बोलावून एक शेवटचा सामना होतो. त्याला बाऊल म्हणतात. त्या वर्षी संघ कसाबसा तिथपर्यंत पोचला. बाऊलच्या आधी काकांच्या घरी सगळ्यांचा लाल शर्टांत एक फोटो काढायचा रिवाज होता. जगभरातून असे फोटो जायचे आणि मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवायचे. मीही त्यात असायची, पोह्यांचं पातेलं धरून, दारात.

त्या वर्षी अमेरिकेतल्या चाहत्यांनी ठरवलं की फोटोत काळे शर्ट घालायचे. म्हणजे म्हाताऱ्याला हटवा, असा निरोप. खानोलकर पिशवी भरून काळे टी-शर्ट घेऊन आले. एक काकांच्या मापाचा होता. एक माझ्यासाठीही होता.

काकांनी आपला शर्ट हातात घेतला, नीट घडी केली आणि परत पिशवीत ठेवला. "खान्या, भांडण कितीही कर. या घरात हा फोटो निघणार नाही."

"सगळ्यांचं एकमत आहे, टिपणीस. तू एकटा आहेस."

"असेन."

"मग आम्ही माझ्याकडे बघतो सामना. तूही ये. शर्ट घालून ये."

माणसं गेली आणि पोहे तसेच राहिले.

आता जे लिहिते ते तेव्हा फक्त आमच्या घरात माहीत होतं. काकांच्या पोटात गाठ निघाली होती आणि ती पसरली होती. हॉस्पिटलात माझी सून त्यांच्याबरोबर जायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुढचा मोसम ते बघणार नाहीत. त्यांच्यासाठी हा शेवटचा बाऊल होता, आणि इतकी वर्षं जी माणसं त्यांच्या सोफ्यावर बसून तो बघत आली, ती एका शर्टामुळे येणार नव्हती.

मी कधी कोणाच्या मध्ये बोलत नाही. पण त्या दिवशी पातेलं न्यायला परत गेले तेव्हा म्हणाले, "काका, मी खानोलकरांना सांगते. त्यांना कळलं तर ते येतील."

"येतील. लाल शर्ट घालून येतील," काका म्हणाले. "म्हणूनच सांगायचं नाही. मी आजारी आहे म्हणून त्यांनी माझं ऐकायचं, हे मला नको. पटलं तर ऐकावं. नाही पटलं तर त्यांनी काळा घालावा आणि माझ्याशी भांडावं."

"आणि तुम्ही एकटे बसणार?"

"एकटा कुठे? तुम्ही आहात की दारात."

सामन्याच्या सकाळी मी पोहे थोडेच केले. या वेळी काकांनी पहिल्यापासूनच बोलावलं होतं. सोफा रिकामा होता. काका लाल शर्टात होते, पण शर्ट आता त्यांना दुसऱ्याचा असावा इतका मोठा होत होता. मी सवयीने दारात उभी राहिले.

"आज दारात नको," ते म्हणाले. "इथे बसा."

मी म्हणाले, "मी बसले आणि हरलो तर?"

"हरलो तर हरलो. पण मला आज शेजारी माणूस हवं आहे."

मी बसले. इतकी वर्षं त्या घरात जात होते, पण तो सोफा किती खोल आहे हे मला तेव्हा कळलं. खेळ चालू असताना काकांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी मित्रांना कधी सांगितली नव्हती. म्हातारा त्यांच्याच वसतिगृहात, शेजारच्या खोलीत राहायचा. संघात होता, पण राखीव. सगळा मोसम बाकावर बसून काढायचा. नाताळच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं झालं आणि बर्फात एकटे राहिलेले काका रडवेले झाले, तेव्हा तो त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. शेवटच्या वर्षी, शेवटच्या सामन्यात त्याला पहिल्यांदा मैदानात उतरवलं. काका बघायला गेले होते.

"चांगला खेळला का?" मी विचारलं.

"चेंडू हातातून सुटला त्याच्या," काका म्हणाले. "पण वसतिगृहात परत आला तो नाचत."

"हे तुम्ही खानोलकरांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर माझं बोलणं ओळखीच्या माणसाची वकिली झालं असतं. वकिली करायची नव्हती मला."

सामना आम्ही हरत आलो होतो. अगदी शेवटी म्हाताऱ्याने बाकावरचा एक मुलगा उतरवला. चौथ्या वर्षाचा, आधी कधीच न खेळलेला. तो चेंडू घेऊन थोडा पळाला आणि पडला. दहा यार्ड झाले नाहीत. मग चेंडू समोरच्यांकडे गेला. काका सोफ्याच्या हाताला धरून उठले आणि उभे राहिले. उठायला त्यांना फार त्रास झाला. मी त्यांच्या कोपराला हात दिला, पण त्यांनी मला उठू दिलं नाही. घड्याळ संपेपर्यंत ते तसेच उभे होते आणि संपल्यावर टाळ्या वाजवत होते.

मी म्हणाले, "दारात उभं राहायला हवं होतं."

"नाही हो," काका म्हणाले. "दोघांनी मिळून बघितला. बरं झालं."

पुढच्या महिन्यात ते हॉस्पिटलात गेले आणि मग लपवण्यासारखं काही उरलं नाही. खानोलकर ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "तुझा म्हातारा त्या दिवशी चुकला. शेवटी त्या पोराला उतरवायला नको होतं."

मला वाटलं, आजारी माणसाशी हे काय बोलणं. पण काकांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. "अनुभव नव्हता त्या पोराला, हे खरं," ते म्हणाले, "पण तुझं म्हणणं चूक आहे. ऐक." आणि दोघं भांडायला लागले. खानोलकर मग रोज दुपारी यायचे. रोज भांडायचे. एकदाही त्यांनी काकांची समजूत काढली नाही, की काकांनी त्यांची.

म्हाताऱ्याने आपणहून काम सोडल्याची बातमीही खानोलकरांनीच आणली. सांगताना त्यांचा मोठा आवाज खाली आला होता. काका म्हणाले, "कोणी उठवला नाही ना? स्वतः उठला. मग ठीक आहे." आणि नंतर विचारलं, "ते शेवटी उतरलेलं पोरगं, त्याचं काय झालं?" खानोलकरांना ते माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं.

काका गेले त्या सकाळी मुलगी पोचली होती. निरोप द्यायला सगळे आले तेव्हा खानोलकर आणि निखिल लाल शर्टांत होते. काकांच्या मुलीला त्याचा अर्थ कळला नाही आणि कोणी तो सांगत बसलं नाही.

पुढचा मोसम सुरू झाला तेव्हा काकांच्या घरात दुसरी माणसं राहायला आली होती. पहिल्या रविवारी सकाळी आमची बेल वाजली. दारात खानोलकर. त्यांच्याकडे सामना होता आणि मला न्यायला ते स्वतः आले होते. "मालनताई, वेळ झाली," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

त्यांचं घर मोठं आणि माणसंही जास्त. मला एक खुर्ची दिली, मी बसले. संघाचा प्रशिक्षक नवा होता, निम्मी पोरं बाहेरून आणलेली होती, आणि सगळे म्हणत होते की आता बघा. खेळही चांगला चालला होता. शेवटच्या भागात समोरच्यांची चढाई सुरू झाली. सगळे बसून बघत होते.

मी खुर्चीतून उठले. कोपऱ्यात गेले नाही, दारातही गेले नाही. तिथेच, सगळ्यांच्या मध्ये, टीव्हीसमोर उभी राहिले. मागून कोणीतरी विचारलं, काही हवंय का.

"नाही," मी म्हणाले. "आपली पोरं अडवायला उभी आहेत."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खानोलकर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते.