इंजिनावर घातलेला आळ
कोळशाच्या इंजिनांच्या जुन्या फिल्मा मी रोज पाहतो; चाकांचे दांडे, पांढरी वाफ, चढावर लागलेली धाप, सगळं जीव लावून पाहतो, पण धुराड्यातून ठिणग्या उडाल्या की फिल्म बंद करतो. खानापूरकडं आमचा ऊस रुळांना लागून होता. उन्हाळ्यात इंजिनाच्या ठिणगीनं गवत पेटायचं, म्हणून गाडी गेली की घरातलं कुणीतरी ओला डहाळा घेऊन बांधावर फिरायचं. कॉलेजात असताना एका दुपारी ते काम माझ्याकडं होतं. गाडी गेली, काही पेटलं नाही, आणि मी निवांत बसून चोरून बिडी ओढली. थोटूक वाळल्या पाचटात पडलं. बघता बघता जाळ माणसाएवढा झाला, उसाची पेरं फटाफट फुटू लागली. माझी थोरली बहीण, आक्का, आत वैरणीला पाला काढत होती. हाक मारायला तोंड उघडलं, पण वडिलांना बिडी कळेल या भीतीनं आवाजच फुटेना, आणि मी पळालो. ती आपली आपणच बाहेर आली, एक हात कोपरापर्यंत भाजलेला. "इंजिनानं घात केला रं!" वडील ओरडले. मी होकाराची मान हलवली. परवा संकेश्वरला तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. बिडीचं ऐकून हसली, "लई शाणा हुतास की रं!" मग तिचे हात थांबले. "मी आत हाय, ठाऊक हुतं तुला?" मी म्हणालो, "व्हय, आक्का."